लेकीच्या टाळ्या आणि माझी इटालियन क्रियापदं

इटलीतल्या बोलोन्यात राहायला येऊन चार वर्षं झाली होती, तरी वाक्यात क्रियापद आलं की मी अडायचे. नागरिकत्वाच्या अर्जासाठी बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं इटालियन लागतं, 2018 पासून तसा कायदाच आहे, म्हणून संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. ‘बोलणे’ची रूपं पाठ होती. पार्लो, पार्ली, पार्ला, पार्ल्यामो, पार्लाते, पार्लानो, पाढ्यासारखी म्हणायचे. आणि एका कार्यालयात ‘आईवडील भारतात राहतात’ हे सांगताना ‘आबितानो’, म्हणजे ‘राहतात’, तीनदा म्हटलं, समोरच्या बाईंना एकदाही कळलं नाही. मी ‘ता’वर जोर देत होते. तो पहिल्या ‘आ’वर हवा होता. घरी येईपर्यंत घसा दाटून आला होता.

मराठीत जोर इकडचा तिकडे झाला म्हणून सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. इथे ‘पार’वर जोर दिला तर पार्लो म्हणजे ‘मी बोलते’, ‘लो’वर दिला तर ‘तो बोलला’.

वाट दिसली ती लेकीच्या पहिलीच्या वहीत. शब्द तोडून आणायचा गृहपाठ होता. टाळ्या वाजवत ती म्हणाली, फि-ने-स्त्रा. म्हणजे खिडकी. मी म्हटलं, “अगं, फि-नेस-त्रा.”

“नाही आई, ‘स’ पुढच्याचा हात धरतो.”

वर्गातल्या बाईंना विचारलं, तर लेकीचंच बरोबर. ‘स’नंतर व्यंजन आलं की तो पुढच्या तुकड्यात जातो. म्हणून ‘मला समजतं’ हे का-पी-स्को. आपण देवनागरीत ‘स्को’ एकत्र लिहितो, अगदी तसंच. र, ल, न मात्र मागे राहतात: पार-लो. एकाच व्यंजनाची जोडी असेल तर ती मधोमध फुटते: लेग-गो, ‘मी वाचते’.

मग लक्षात आलं की मी दोन वेगळ्या तोडी एकच समजत होते. पार्लोमध्ये धातू ‘पार्ल्’पर्यंत आणि प्रत्यय नुसता ‘ओ’. उच्चार मात्र ‘पार’नंतर तुटतो. आपल्याकडेही ‘बोल’ला ‘ईन’ लागतं आणि तोंडातून बो-लीन येतं. ते कधी कुणी शिकवावं लागलं नव्हतं, एवढंच.

त्या रात्रीपासून वहीत धातू-प्रत्ययाची रेघ लाल पेनाने, तुकड्यांची निळ्या पेनाने आणि जोराच्या तुकड्याखाली ठिपका. पार्लोसारख्या क्रियापदांची वर्तमानकाळातली सहा रूपं अशी मांडल्यावर ठिपके बोलायला लागले. मी, तू, तो आणि ते या चारांत जोर धातूवरच राहतो. आम्ही आणि तुम्ही या दोनांतच तो प्रत्ययावर सरकतो. ‘तो राहतो’ हे आ-बि-ता, म्हणून ‘ते राहतात’ हे आ-बि-ता-नो. शेपूट वाढली तरी जोर पहिल्या ‘आ’वरच. ‘ते फोन करतात’मध्ये तर तो शेवटून चौथ्या तुकड्यावर जातो: ते-ले-फो-ना-नो, जोर ‘ले’वर. हे मी भांडी घासताना टाळ्यांशिवाय, नुसती मान हलवत म्हणायचे.

सगळ्यात जास्त दिवस गेले पार्लेरेमो आणि पार्लेरेम्मो यांत. पहिलं ‘आम्ही बोलू’, नक्की. दुसरं ‘जमलं तर बोलू’. पहिल्यात ‘रे’ लांबवायचा. दुसऱ्यात तो आखूड ठेवून ‘म’वर थांबायचं: रेम-मो. हा थांबा ऐकू यायला मला दोन महिने लागले.

तोंडी परीक्षेत आईवडिलांबद्दल विचारलंच. आबितानो एकदाच म्हटलं आणि परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले.