प्रेशर कमी, पण पंप चांगला

सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारी गाडी. तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की मात्र तासभर ढिम्म. चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, म्हणजे पंप एकाच सामाईक नळीत, रेलमध्ये, जबर प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजेक्टरना जातं. आधीच्या गॅरेजमध्ये हाय प्रेशर पंप बदलून झाला होता, दोष तसाच.

स्कॅनर लावून गरम इंजिनला सेल्फ मारला. ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मागणी ३०० बार प्रेशरची, रेलमध्ये ११०. या इंजिनात २०० बारच्या आत ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून धुराचाही पत्ता नव्हता. प्रेशर पूर्ण उतरल्यावर रेल सेन्सरचा सिग्नल ०.५ व्होल्ट, शून्य प्रेशरला असायला हवा तेवढाच, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता.

इंजिन निवल्यावर सुरू झालं. आयडलिंगला मागणी २८०, प्रत्यक्षातही २८०. इथेच बहुतेकांची फसगत होते. आकडा बरोबर दिसतो, कारण रेलमधलं डिझेल कुठे गळत असलं, तरी ती गळती ईसीयू भरून काढत असतं. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह इथे करंट नसताना पूर्ण उघडा असतो. करंट वाढला की पंपात जाणारं डिझेल कमी. इंजिन तापून डिझेल पातळ झालं, तसा करंट उतरत गेला आणि आकडा २८०वरच राहिला. सेल्फवर पंप सावकाश फिरतो, तेव्हा भरून काढण्याइतकं डिझेल तो देऊच शकत नाही.

मग इंजेक्टरमधून टाकीकडे परतणाऱ्या डिझेलचे रिटर्न पाइप काढून चार बाटल्या लावल्या. दोन मिनिटांत तीन बाटल्यांत १५ मिलीच्या आसपास, थेंब थेंब. तिसऱ्या इंजेक्टरच्या बाटलीत सलग धार, ७० मिली.

खात्रीसाठी इंजिन बंद करून, प्रेशर शून्यावर आल्यावर, रेलवरचं तिसऱ्या इंजेक्टरचं तोंड बूच बसवून बंद केलं. चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नये. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. सेल्फ मारताच ३१० बार, आणि इंजिन तीन सिलिंडरवर गरमच सुरू झालं.

इंजेक्टर उघडला तर कंट्रोल व्हॉल्व्हच्या गोळीखालच्या सीटवर केसाएवढा चर. फिल्टरच्या तळाशी पाणी निघालं, ते न काढता नुसता इंजेक्टर बदलला असता तर नवाही तसाच गेला असता. टाकी धुतली, फिल्टर बदलला, तांब्याचा वॉशर नवा घातला, नव्या इंजेक्टरवरचा कोड ईसीयूत भरला. गरम इंजिनला सेल्फ मारल्यावर एका सेकंदात ३०० बार.