खूण नसलेला दंश: मण्यारच्या रुग्णाबरोबरचे सात दिवस

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मधल्या पट्ट्यात टॉवर चढतायत आणि त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरची माणसं जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेला माणूस मी नुसता पोटदुखीचा धरत नाही. ज्या रुग्णामुळे ही सवय पक्की झाली, त्याच्या उपचाराचा क्रम इथे मांडतो आहे. त्याची लेखी संमती घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि कामाची जागा वगळली आहे.

तो पहाटे ५:४० ला कॅज्युअल्टीत आला. रात्री तीनच्या सुमारास पोटात जोराची कळ, दोन उलट्या, घसा दुखतोय, थुंकी गिळवत नाही. वाटेत एका दवाखान्यात पित्ताचं आणि पोटातली कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिनचं इंजेक्शन मिळालं होतं. पोट दाबून पाहिलं तर मऊ. नाडी १०४, रक्तदाब ठीक, ताप नाही, ऑक्सिजन ९८. डोळ्यांवर झापड होती, पण ती "इंजेक्शनमुळे असेल" असं बरोबरच्यांनी आधीच सांगून टाकलं.

गल्लत नेमकी इथेच होते. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, अंधुक दिसतं, बाहुली थोडी मोठी होऊ शकते. पापणी मात्र त्याने खाली येत नाही. पापणी तपासताना रुग्णाला आढ्याकडे, मान न हलवता, मिनिटभर बघत राहायला सांगावं आणि कपाळावर आपली बोटं ठेवून भुवया धरून ठेवाव्यात. पापणी पेलवत नसली की माणूस नकळत कपाळ आक्रसून ती वर ओढतो आणि दोष झाकला जातो. याची पापणी चाळीस सेकंदांत बाहुलीच्या मध्यावर आली. बोट फिरवलं तर एकाची दोन दिसत होती. उशीवरून डोकं उचलवेना.

मग त्याच्या भावाला विचारलं, "दादा, काल रात्री हा कुठे झोपला होता?"

"खालीच, डॉक्टर. आम्ही सगळे खालीच झोपतो. पण चावलं-बिवलं काही बोलला नाय तो."

बोलणार कसा? मण्यारचे दात बारीक असतात. दंशाला सूज नाही, रक्त नाही, बहुतेकदा झोपमोडही होत नाही. कपडे उतरवून बोटांच्या बेचक्या, कानामागे, केसांत सगळीकडे पाहिलं, खूण सापडली नाही. तिच्यासाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी, सूज नाही आणि पापणीपासून खाली उतरत जाणारा लुळेपणा, एवढं जुळलं की आपल्या भागात ते मण्यार मानून उपचार सुरू करायचे.

इतर शक्यता झटपट पण नीट तपासाव्या लागतात. जीबीएसमध्ये (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) अशक्तपणा बहुधा पायांतून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात, तास नाही. पोटॅशियम घसरून येणाऱ्या लुळेपणात डोळे सहसा वाचतात. ब्लड गॅसच्या मशीनवर पोटॅशियम दोन मिनिटांत कळतं, याचं ३.६, म्हणजे ठीक होतं. कीटकनाशकाच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि लाळ, घाम सुटतो. सर्वांत फसवणारं म्हणजे बॉट्युलिझम, दूषित अन्नातल्या जंतूच्या विषाने येणारा लुळेपणा, तोही वरून खाली उतरतो. पण याच्या बरोबर जेवलेले सहाही जण ठणठणीत होते.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी केली. दोन मिली ताजं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी न हलवता ठेवायची आणि वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करून पाहायची. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी चालत नाही, गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. याचं रक्त छान गोठलं. "म्हणजे साप नाही," असं ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने म्हटलं आणि हा गैरसमज फार ठिकाणी आहे. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी आहे, त्यांचं विष रक्त गोठू देत नाही. मण्यार आणि नागाच्या दंशात रक्त गोठतंच.

६:१५ ला प्रतिविष सुरू केलं. १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), प्रत्येकी १० मिली निर्जंतुक पाण्यात. व्हायल खळखळून हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं, ती तळहातांत हळू फिरवायची. सगळं मिळून सलाइनमध्ये तासाभरात द्यायचं. त्वचेवर चाचणी-डोस देऊ नये, त्यातून काही कळत नाही आणि वेळ जातो. लहान मुलालाही डोस तेवढाच, कारण साप मुलाला विष कमी टोचत नाही. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आवरणारं अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं. आम्हाला ते विसाव्या मिनिटाला लागलं: अंगावर गांधी, थंडी, खोकला. ठिबक थांबवून मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीच्या अँप्युलमधलं अर्धं. दहा मिनिटांत गांधी बसल्या, मग ठिबक हळू वेगाने पुन्हा चालू केलं. रिअ‍ॅक्शन आली म्हणून प्रतिविष कायमचं बंद करणं ही जीवावर बेतणारी चूक आहे.

अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ आणि नंतर मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत जोराने पोचवणारं निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ देऊन दर दहा मिनिटांनी पापणी मोजली. तासाभरात फरक नाही. नागाच्या दंशात या औषधाने पापणी कधी कधी डोळ्यांदेखत उघडते, कारण ते विष स्नायूच्या बाजूला अडथळा करतं. मण्यारचं बीटा-बंगारोटॉक्सिन मज्जातंतूचं टोकच निकामी करतं. निरोप पाठवणारंच उरलं नाही तर निओस्टिग्मिन काय करणार? तरी एकदा देऊन पाहावं, साप कोणता हे कोणी पाहिलेलं नसतं.

रुग्ण आल्यापासूनचे पहिले दोन तास मला सर्वांत धोक्याचे वाटतात. ऑक्सिजनचा आकडा पाहत बसलात तर फसाल, तो सगळ्यात शेवटी पडतो. आम्ही दर पंधरा मिनिटांनी रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावले. निरोगी माणूस ३० च्या पुढे सहज जातो. हा ६ वाजता २६ पर्यंत गेला, ६:४५ ला १७, ७:१० ला ९. तेव्हाही ऑक्सिजन ९६ होता. लाळ गिळता येत नव्हती, ती छातीत उतरण्याची भीती होती. ७:१५ ला ट्यूब टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. त्याआधी तळमळतो म्हणून झोपेचं औषध कोणी देऊ नये. ती तळमळ श्वास अपुरा पडत असल्याची असते.

लुळेपणा उतरतच होता, म्हणून दुसऱ्या १० व्हायल दिल्या आणि तिथे थांबलो. मज्जातंतूच्या विषासाठी एकूण २० ही मर्यादा आपल्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शनात आहे. टोकाला चिकटून बसलेलं विष प्रतिविषाने सुटत नाही, ते रक्तात फिरणारंच निष्प्रभ करतं. त्यापुढची प्रत्येक व्हायल नातेवाइकांच्या खिशातून जाते आणि शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या केंद्रात तीच कमी पडत असते.

दुसऱ्या दिवशी बाहुल्या पूर्ण मोठ्या झाल्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही, हातपाय निपचित, चिमटा काढला तरी काही नाही. भाऊ दाराशी उभा राहून विचारत होता, "संपलं का, डॉक्टर?" मेंदूमृत्यूच्या तपासण्या करायच्या का, हा प्रश्न राउंडवरही निघाला. या रुग्णात त्या करूच नयेत. बाहुली आणि स्नायू विषाने अडवलेले आहेत, मेंदू नाही. तो ऐकत असतो. म्हणून प्रत्येक सिस्टरला सांगितलं होतं की त्याला हात लावण्याआधी नाव घेऊन काय करणार ते सांगायचं. झोपेचं आणि वेदनेचं औषध बारीक धारेने चालू ठेवलं. पापण्या मिटत नसल्यामुळे डोळ्यांत मलम घालून त्या चिकटपट्टीने बंद केल्या, नाहीतर माणूस वाचतो आणि बुबुळावर फूल पडतं. दर दोन तासांनी कूस बदलली. नाडी मधेच १३० वर जायची, रक्तदाब उसळायचा. तो स्वायत्त, म्हणजे नाडी-रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेवरचा परिणाम असतो. ताप किंवा छातीत नवं काही नसेल तर त्यावर अँटिबायोटिक बदलत बसू नये.

चौथ्या दिवशी दुपारी कपाळाला आठी पडली. संध्याकाळी बोट हललं. सहाव्या दिवशी डोकं पाच सेकंद उचलून धरलं, खोकला जोरदार झाला, अर्धा तास स्वतःच्या श्वासावर राहिला, तेव्हा ट्यूब काढली. या तिन्हींपैकी एक कमी असताना घाई केली तर पुन्हा ट्यूब टाकावी लागते.

ही केस लिहून काढताना केस रिपोर्टसाठीची २०१३ ची केअर यादी समोर ठेवली. त्यातली घटनाक्रमाची मागणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आमचा उशीर कुठे झाला ते तिथेच दिसलं. पापणीची नोंद ५:५० ची आणि प्रतिविष ६:१५ ला. मधली वीस मिनिटं रक्ताच्या नळीकडे बघण्यात गेली, जिच्या निकालाने निर्णय बदलणारच नव्हता. आता आम्ही नळी भरतो आणि ती तशी ठेवून लगेच व्हायल फोडायला घेतो. संमती मात्र तो शुद्धीवर, बोलता झाल्यावरच घेतली, मराठीत वाचून दाखवून. भावाची सही पुरली नसती. डोळ्यांचा फोटो छापला नाही, काळी पट्टी मारून चेहरा लपत नाही.

सातव्या दिवशी घरी सोडताना कागदावर दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. पुढच्या पाच ते चौदा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा अंगाला खाज आली तर परत यायचं, तो प्रतिविषाचा उशिरा येणारा त्रास असतो. आणि खाट मिळेपर्यंत मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचून झोपायचं, खोलीतल्या सहाही जणांनी.