आठ पिक्सेलवरून झालेलं भांडण

विज्ञान, इतिहास, निसर्ग अशा विषयांवर मोठ्या माणसांसाठी आम्ही व्हिडिओ करतो. माझ्याकडे ॲनिमेशन असतं. लोकांना वाटतं, दिवसभर चित्रं काढत असेल. खरा वेळ खातं ते निवेदन. एक वाक्य दोन सेकंदांनी लांबलं की पुढची सगळी चित्रं सरकवत बसायचं.

त्या दिवशी ऋतूंचा भाग होता. संहितेत लिहिलं होतं, 'पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते.' त्यावर दिग्दर्शकाने विकतचं तयार दृश्य लावून ठेवलेलं: चांगली लांबुळकी कक्षा आणि सूर्य पार एका टोकाला. हे पाहिल्यावर कोणीही म्हणेल, जवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. आणि पुढच्याच वाक्यात आम्ही सांगणार की तसं नाही, पृथ्वीचा अक्ष 23.4 अंशांनी कललाय म्हणून ऋतू होतात. डोळा आणि कान भांडले की डोळा जिंकतो, हे आमच्या कामात नवख्यालाही कळतं. तयार दृश्य फुकट जाऊ नये, ही काळजी मात्र त्याहून मोठी असते.

मी कक्षा मोजूनच काढली. पृथ्वीच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे कक्षेच्या अर्ध्या रुंदीच्या मानाने सूर्य मध्यापासून किती सरकलाय याचं माप, 0.0167. कक्षा पडद्यावर 1000 पिक्सेल रुंद धरली, तर उंची येते 999.86. चपटेपणा एका पिक्सेलच्या सातव्या हिश्शाएवढा! तो कुठल्याच पडद्यावर दिसणार नाही. दिसू शकतं ते सूर्याचं सरकणं, मध्यापासून साधारण 8 पिक्सेल. त्यामुळेच जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून 14.71 कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला 15.21 कोटींवर. म्हणजे सर्वांत जवळ असते तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा. ऋतूंच्या भागात हे सोडून दुसरं काय दाखवायचं?

मग ती लांबुळकी कक्षा आली कुठून? वर्तुळ तिरक्या बाजूने पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं. अनेक आकृत्या तशा तिरक्याच काढलेल्या असतात, फक्त तसं कुठे लिहिलेलं नसतं.

दिग्दर्शक म्हणाला, "अगं, वर्तुळ दाखवलं तर लोक म्हणतील, यांना केप्लरसुद्धा माहीत नाही."

केप्लरचं नाव त्याने घ्यायला नको होतं. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे सांगणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाला लंबवर्तुळ सापडलं ते मंगळाच्या कक्षेत. तिची उत्केंद्रता 0.093, तरी माझ्या मापाने तिचा चपटेपणा जेमतेम 4.3 पिक्सेल. टायको ब्राहे या खगोल निरीक्षकाच्या नोंदींशी केप्लरच्या गणिताचा 8 कलांचा फरक पडत होता, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाव हिश्शाएवढा. तेवढ्यासाठी त्याने सगळी मांडणी मोडली आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ छापून आलं. कक्षा त्या विकतच्या दृश्यासारखी असती, तर ते कळायला टायको कशाला लागला असता?

हे मी बरंच मोठ्याने सांगितलं. शेवटी कक्षा थेट वरून दाखवायची ठरली: मध्यावर बारीक फुली, शेजारी किंचित सरकलेला सूर्य. निवेदनात 'जवळजवळ वर्तुळच' आलं, आणि निवेदिकेला पुन्हा बोलवावं लागलं.

भाग गेला आणि पहिलीच प्रतिक्रिया आली, 'कक्षा लंबवर्तुळाकार असते, जरा अभ्यास करा.' मोठ्या प्रेक्षकांची ही खोड आहे. म्हणायचं नवं शिकायला आलो, आणि खूश व्हायचं शाळेतलं पुन्हा ऐकून.

पण मी घुटमळत्येय ते प्रेक्षक कुठे गळतात त्या आलेखापाशी. फुलीच्या दृश्यावर तो खाली येतो आणि लगेच एक उंचवटा आहे. गळालेल्यांबद्दल दिग्दर्शक म्हणतो, "सांगितलं होतं ना." उंचवटा म्हणजे तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहणारे. त्यांना कळलं म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं, की कळलंच नाही म्हणून, हे आलेखात दिसत नाही. पुढचा भाग भरती-ओहोटीचा आहे, आणि त्याच्या टाइमलाइनवर पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला चंद्र आत्ताच येऊन बसलाय.