युनिव्हर्सल क्रेडिटवर जाताना पहिले पाच आठवडे

ब्रिटनमध्ये जुन्या सरकारी मदतींच्या जागी आता युनिव्हर्सल क्रेडिट ही एकच मासिक मदत आली आहे. जुना ईएसए (आजारपण किंवा अपंगत्वामुळे काम न जमणाऱ्यांचा भत्ता) किंवा हाउसिंग बेनिफिट (भाड्यासाठीची मदत) घेणाऱ्याच्या घरी ‘मायग्रेशन नोटीस’, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटवर जाण्याची सूचना, आली की आधी तिच्यावरची शेवटची तारीख पाहा. मुदत साधारण तीन महिन्यांची असते. तेवढ्यात अर्ज केला आणि नवी रक्कम जुनीपेक्षा कमी भरली, तर फरक भरून मिळतो. हेच ट्रान्झिशनल प्रोटेक्शन. नोटिशीआधीच कुणाच्या सांगण्यावरून अर्ज टाकला तर ते बहुधा हातचं जातं आणि जुन्या बेनिफिटवर परतताही येत नाही. अडचण असेल तर मुदत वाढवून मागा, पण ती संपायच्या आत. जोडीदार स्पाउस व्हिसावर असेल तर अर्जाआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचाराच.

पहिला हप्ता यायला सुमारे पाच आठवडे लागतात: एक महिना हिशेबाचा, वर सात दिवसांपर्यंत. या काळात ईएसए आणि हाउसिंग बेनिफिट आणखी दोन आठवडे सुरू राहतात. हे पैसे परत करायचे नसतात, वेगळा अर्जही लागत नाही. म्हणून आधी ते धरून हिशेब करा आणि उरलेल्या खड्ड्यापुरताच अॅडव्हान्स मागा. पहिल्या अंदाजित हप्त्याएवढा अॅडव्हान्स मिळू शकतो, व्याज नाही, पण ते कर्जच आहे. ६०० पौंड घेतले आणि फेड २४ महिन्यांची असेल, तर दरमहा २५ पौंड कमी हातात येतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते भाड्यात. पूर्वी पैसे परस्पर घरमालकाकडे जायचे, आता ते सहसा तुमच्या खात्यात येतात. भाडं आठवड्याचं असेल तर महिन्याला चार आठवडे धरू नका. आठवड्याला १२० पौंड म्हणजे १२० गुणिले ५२, भागिले १२: ५२० पौंड. ४८० बाजूला ठेवले तर दर महिन्याला ४० पौंडांची थकबाकी साचते, आणि घरमालकाची नोटीस येईपर्यंत ती कळतही नाही. पैसे हातात टिकणं अवघड असेल तर भाडं थेट घरमालकाला द्या, अशी मागणी ऑनलाइन जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या तुमच्या खात्यातल्या संदेशांच्या पानावर) लिहून करता येते.

ट्रान्झिशनल प्रोटेक्शनची, म्हणजे फरकाची, ती रक्कम कायमची नसते. युनिव्हर्सल क्रेडिटमधला भाड्यासाठीचा भाग ४० पौंडांनी वाढला की ती तेवढीच घटते, एकूण तिथेच राहतं. जोडीदार वेगळा झाला किंवा नवा आला तर ती बंदच होते.

काउन्सिल टॅक्सची (घरावरच्या स्थानिक कराची) सवलत युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये येत नाही. तिचा अर्ज स्थानिक काउन्सिलकडे वेगळा करा, युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज कराल त्याच आठवड्यात. युनिव्हर्सल क्रेडिटचा फॉर्म भरायला सिटिझन्स अॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची ‘हेल्प टू क्लेम’ सेवा मोफत मदत करते.