वहीतले आकडे

माझ्या धाकट्या भावाला वयाच्या बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले आणि पुढची चार वर्षे त्याच्या सुया, पट्ट्या व जेवणाच्या वेळा आईने एखाद्या व्रतासारख्या सांभाळल्या. अकरावीत गेल्यावर त्याने हे सगळे स्वतःकडे घेतले आणि त्याच वर्षी त्याचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप, ७.४ वरून १०.२ वर गेले. रोजच्या साखरेच्या नोंदींची वही मात्र निर्दोष होती: सकाळी ११०, दुपारी १४०, रात्री १२५. प्रत्येक आकडा ० किंवा ५ नेच संपत होता, हे लक्षात आल्यावर ही साखर रक्तातली नसून मनातली आहे, हे मला उमगले.

मी आईला सांगितले नाही. आमच्या घरात ‘किती आली?’ हा प्रश्न निकालाच्या सुरात विचारला जाई आणि २४० म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असे, ‘काय खाल्लंस?’ वास्तविक साखर ताप, जागरण, परीक्षेचा ताण, वाढत्या वयातली संप्रेरके, एकाच जागी सुई टोचून तिथे आलेला गुठळेपणा अशा कितीतरी कारणांनी चढते. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा इन्सुलिन मिळालेला रुग्ण १४ वर्षांचा मुलगा होता, हेही मी त्याला एकदा ऐकवले होते. ‘ताई, इतिहासाचा तास नको,’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते योग्यच होते.

एका रात्री मी म्हणाले, ‘खरा आकडा सांग, मी काही विचारणार नाही.’ ३१२ आला. किटोनची, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारी आम्ले तपासायची, पट्टी कुठे आहे, किती युनिट घ्यायचे, हे सगळे त्याला तोंडपाठ होते. त्याला माहिती कमी नव्हती, त्याला रोजच्या हिशेबाचा वीट आला होता. मग आम्ही ठरवले की रात्रीचे, बराच वेळ काम करणारे इन्सुलिन कधीही चुकवायचे नाही आणि रविवारचा सगळा हिशेब माझा. भाकरी मोजणे, वेळ पाहणे, वही लिहिणे मी करायचे, त्याने फक्त बोट पुढे करायचे. पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांकडे एकटाच आत गेला आणि आई बाहेर माझ्याशेजारी अस्वस्थपणे बसून राहिली.

परवा वहीत २६३ होते, त्याखाली ६१, आणि समोर त्याच्या तिरक्या अक्षरात: ‘क्रिकेट. तीन चमचे साखर. १५ मिनिटांनी ९४.’