तुम्ही विचारलंत म्हणून : दिवे एवढे मंद का?

ॲडॅप्टर खराब नाही. वायर निसटलेली नाही. मी जुन्या चाळींची छोटी मॉडेलं करतो. त्यांतले दिवे मंद दिसतात कारण मी ते मंद लावलेत. मुद्दाम, हिशेब करून. हे मी प्रदर्शनांत सांगितलंय, फोनवर सांगितलंय, एकदा तर सलूनच्या खुर्चीत गालाला साबण फासलेला असताना सांगितलंय. समोरचा मान डोलावतो, "अच्छा, अच्छा" करतो आणि निघताना म्हणतोच, "तरी पण थोडे वाढवता आले तर बघा." म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

हिशेब असा. चाळीतली खोली, छताला एक ४० वॉटचा पिवळा बल्ब. असा बल्ब साधारण ४०० ल्युमेन उजेड देतो. तीच खोली १:५० ला आणली की लांबी-रुंदी ५० पटीने घटते, पण भिंतीचं क्षेत्रफळ घटतं २,५०० पटीने. भिंत खऱ्या खोलीइतकीच उजळ दिसायला हवी असेल तर दिवाही २,५०० पटीने कमी हवा. ४०० भागिले २,५०० म्हणजे ०.१६ ल्युमेन. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा ५ मिलिमीटरचा पांढरा एलईडी पूर्ण २० मिलिअँपिअरवर चालवलात तर दोन-चार ल्युमेन सहज देतो. म्हणजे १६० चौरस फुटांच्या खोलीत तुम्ही मांडवातला ५०० वॉटचा हॅलोजन टांगलात. १२ व्होल्टवर ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा बारीक तुकडा, लावला की जवळपास पूर्ण करंट जातो. मी १० किलोओहमचा लावतो, एक मिलिअँपिअरही जात नाही. एवढंच माझं गुपित.

यात हळवेपणा नाही, हेही सांगून ठेवतो. "जुने दिवस, तो मिणमिणता उजेड, वा!" असं म्हणत खांद्यावर हात ठेवणारे भेटतात, त्यांचा मला 'वाढवा जरा' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो. हा भागाकार आहे.

आणि मंद दिवा म्हणजे कमी काम, असंही कुणी समजू नये. एलईडीचा घुमट भिंगासारखा असतो, तो तसाच लावला तर जमिनीवर गोल कवडसा पडतो आणि कोपरे काळे राहतात. म्हणून घुमट घासून सपाट आणि दुधी करायचा. पुढची अडचण भिंतीची. सनबोर्ड, म्हणजे मॉडेलवाल्यांची हलकी फोमची शीट, कापायला लोण्यासारखं, पण आत दिवा लागला की सगळी भिंतच उजळते. आतून आधी काळा आणि मग पांढरा रंग दिला तरी कोपऱ्याच्या जोडातून उजेडाची रेघ फुटते. म्हणून मी भिंती ओततो. डेंटल स्टोन, म्हणजे दाताचे डॉक्टर वापरतात ती पावडर. प्लॅस्टर ऑफ पॅरिसपेक्षा कितीतरी टणक. १०० ग्रॅमला ३० मिली पाणी. पाण्यात पावडर भुरभुरायची, पावडरीत पाणी नाही. साच्यात ओतल्यावर टेबलाला खालून टिचक्या मारत राहायचं, बुडबुडे वर येतात. ही भिंत उजेड गिळते.

मंगलोरी कौलांचंही तेच. १:५० ला एक कौल आठेक मिलिमीटरचं. एकेक कौल कोण लावत बसणार? एक पट्टी नीट कोरायची, तिच्यावर सिलिकॉन ओतून साचा घ्यायचा आणि पट्ट्यांवर पट्ट्या काढायच्या. कठड्याचे गज तेवढे स्टोनमध्ये जमत नाहीत, साच्यातून काढतानाच मोडतात. ते पॉलियुरेथेन रेझिनचे, म्हणजे दोन भाग मिसळून ओतायच्या प्लॅस्टिकचे. आता हे रेझिन मुंबईत जुलैमध्ये ओतून बघा. त्याचा एक भाग हवेतल्या ओलाव्याशी भिडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. बाहेर येतो तो गज आतून जाळीदार. गंमत म्हणजे साच्याच्या टिनवाल्या सिलिकॉनला घट्ट व्हायला थोडा ओलावा लागतोच, त्यामुळे पावसात साचे झकास होतात आणि त्यांत ओतायला काही नसतं. म्हणून आमच्याकडे साचे पावसाळ्यात, ओतकाम दिवाळीनंतर. गिऱ्हाइकाला हे पटवणं दिव्यांपेक्षा अवघड.

मी कायम असा नव्हतो. बरीच वर्षं बिल्डरच्या सेल्स ऑफिसांची मॉडेलं केली. क्लोरोफॉर्मने जोडलेलं ॲक्रिलिक, आतून एलईडीची पट्टी, बत्तीस मजले, सगळ्या खिडक्या एकजात पांढऱ्या. जगातल्या कुठल्याच इमारतीत सगळी माणसं एकाच वेळी घरी नसतात, पण ते मॉडेल घर विकायला असतं, घर दाखवायला नाही. तेव्हाचा मी आत्ताच्या मला हसला असता. म्हणाला असता, "गिऱ्हाईक घडीभर बघतं, लेका. त्यात दिसलं ते खरं." याला माझ्याकडे अजून चोख उत्तर नाही.

आता ती गिरगावातली चाळ. नाव सांगत नाही.

चाळ पाडून टॉवर झाला आणि रहिवाशांच्या कमिटीने ठरवलं, लॉबीत जुन्या चाळीचं मॉडेल ठेवायचं. मी पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या सालची चाळ?" कारण चाळ काही एक नसते. गॅलऱ्या बंद होतात, ग्रिलं लागतात, कौलांच्या जागी पत्रे येतात. कमिटीने १९६५ च्या गणेशोत्सवाचा एक फोटो आणला. लाकडी कठडा अखंड, कौलं जागेवर, खाली मांडव. ठरलं, ६५. मी ते कागदावर लिहून सेक्रेटरींची सही घेतली. ही सही लक्षात ठेवा, कारण मला अजून तिचाच आधार आहे.

उद्घाटनाच्या संध्याकाळी लॉबीत शे-दीडशे माणसं. खाली चकचकीत मार्बल, वर छतात गोल पांढरे दिवे, आणि मॉडेलच्या काचेच्या पेटीवर त्या सगळ्या दिव्यांची प्रतिबिंबं. सेक्रेटरींनी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या आणि मध्येच विरल्या. दिवे लागले होते, दिसत नव्हते. त्यांनी परत दाबलं, म्हणजे बंद केलं. परत दाबलं. "करंट येतोय ना?" मी म्हटलं, येतोय, लॉबीचे दिवे घालवा, डोळ्यांना जरा सवय होऊ द्या. वॉचमन मेन स्विच शोधायला गेला. अंधार झाला तसा कुणीतरी "लोडशेडिंग!" ओरडलं, पोरं खिदळली. मग हळूहळू पहिल्यांदा जिन्यातला झिरोचा दिवा दिसायला लागला (झिरो म्हणतात, घेतो पंधरा वॉट), मग एकेक दार, मग दारातून गॅलरीत सांडलेला पिवळा पट्टा आणि त्यावर गजांच्या सावल्या. मला माझ्या कामाचा एवढा आनंद कधी झाला नव्हता. तेवढ्यात एकाने मोबाइलचा टॉर्च पेटवला, नीट बघायला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच.

टॉर्चच्या झोतात एक काकू काचेला नाक लावून उभ्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापासून तिसरं दार त्यांनी बोटाने मोजून काढलं.

"हे आमचं. इथे बल्ब कुणी लावला?"

"मी."

"आमच्याकडे ट्यूब होती."

मी त्यांना साल सांगितलं. १९६५. फोटो, कमिटी, सही.

"६५ साली मी ह्या घरात नव्हतेच. ७१ ला लग्न होऊन आले. तेव्हा होता बल्ब. सासूबाई तोही जेवणं झाली की मालवायला लावायच्या. ट्यूब मी आणली. टेलिफोनमध्ये लागले होते, माझ्या पगारातून आणली. पट्टी, चोक, स्टार्टर, सगळं लोहार चाळीतून. आमच्या मजल्यावरची पहिली ट्यूब. लागली त्या दिवशी अख्खी गॅलरी दारात जमली होती. आणि तुम्ही मला परत बल्बात नेऊन बसवलंत?"

मी काय करावं? मी त्यांना ल्युमेन समजावून सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या जावयाला एव्हाना बटाटेवड्यांचा वास लागला होता, तरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग "असेल" म्हणाल्या. त्या 'असेल'पुढे माझे ०.१६ ल्युमेन काही फार उजळ वाटले नाहीत. मग लॉबीचे दिवे आले आणि सगळे वड्यांकडे वळले.

पुढच्याच आठवड्यात कमिटीने सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून छपराच्या आतून एलईडीची पट्टी मारून घेतली. मला कळलं ते कुणीतरी पाठवलेल्या फोटोवरून. अख्खी चाळ दिवाळीतल्या मिठाईच्या दुकानासारखी झगमगत होती. छप्पर आणि भिंत जिथे टेकतात तिथून उजेड फुटलेला, माझ्या वायरी उघड्या पडलेल्या, एका भिंतीमागचा डिंकाचा ओघळ स्पष्ट. मी फोन करून भांडलो. उत्तर मिळालं, "पैसे दिलेत, मॉडेल आमचं आहे. आणि मुलं आता थांबून फोटो काढतात." दोन्ही खरं होतं. मी म्हटलं, मग माझ्या नावाची पाटी काढा. त्यांनी लगेच काढली. थोडी कुरकुर करतील असं मला वाटलं होतं.

पट्टीचं मला अजूनही पटलेलं नाही. पट्टी म्हणजे काकूंची ट्यूब नव्हे. ती सगळ्यांच्या डोक्यावर सारखाच उजेड ओतते, आणि चाळीत उजेड कधीच सारखा नव्हता. कुणाकडे ट्यूब, कुणाकडे बल्ब, कुणाकडे बिल भरलं नाही म्हणून अंधार. ते घालवलंत तर नुसता लाकडी खोका उरतो.

पण काकूंचं म्हणणं डोक्यातून जात नव्हतं, म्हणून मी माझाच भागाकार त्यांच्या ट्यूबला लावून पाहिला. चार फुटी ४० वॉटची ट्यूब साधारण २,४०० ल्युमेन देते. भागिले २,५००. जवळजवळ एक ल्युमेन. वॉट तेवढेच, उजेड सहापट. म्हणजे माझ्याच गणिताने ती खोली सहापट उजळ हवी होती, आणि पिवळी नाही, निळसर पांढरी. भागाकार मला एवढंच सांगतो की बल्ब असेल तर तो किती मंद हवा. बल्बच हवा, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. ते फोटोवरून आलं म्हणावं, तर फोटो कृष्णधवल होता, दिवसाचा होता, आणि सगळी दारं आतून काळी होती. मी स्वतः डोंबिवलीत ट्यूबच्या उजेडात वाढलो. पिवळा बल्ब पाहिला तो आजोळी, मे महिन्यात. आता तो आजोळचा बल्ब गिरगावात कुठून आला, हे मला विचारू नका.

यावर तुम्ही म्हणाल, मग हळवेपणाच झाला की. नाही म्हणजे नाही. ६५ साली त्या घरात बल्बच होता, काकूंच्या सासूबाई साक्षीला आहेत. मॉडेल एका सालाचंच असतं. पण ते साल निवडलं कमिटीतल्या पुरुषांनी, फोटोत कठडा छान दिसतो म्हणून; आणि सहीचा कागद घेऊन उभा राहिलो मी.

काकूंच्या खोलीत ट्यूब बसवून देतो, असं मी नंतर कमिटीला कळवलं. २४ मिलिमीटरची ॲक्रिलिकची काडी, घासून दुधी केलेली, दोन्ही टोकांना ०६०३ मापाचा बारीक एलईडी. फार काम नाही. उत्तर आलं, "एकीला दिली तर सगळे मागतील." माझ्या मते सगळ्यांनी मागायलाच हवी.

दोन बटणं का देत नाही, हाही प्रश्न नेहमीचा. एक लॉबीसाठी, एक अंधारासाठी. दिली, एका मॉडेलला दिली. अंधाराचं बटण कुणी दाबत नाही. लॉबीत उजेड असताना लॉबीवाल्याचंच खरं, हे मी मान्य करतो. ४७० ओहम लावून हात मोकळे करून घेणं मात्र अजून जमत नाही.

सध्या बीडीडी चाळीतली एक खोली करतोय, १:२४ ला. पुनर्विकासात १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेलेल्या दोन भावांची ऑर्डर आहे. या खेपेला मी खोलीचं माप नंतर घेतलं, आधी विचारलं, "दिवा कुठला होता?" थोरले म्हणाले, बल्ब. धाकटे म्हणाले, "दादा, कुठला बल्ब? ट्यूब होती, माझी दहावी तिच्याखाली झाली." त्यावरून दोघांची माझ्यासमोरच जुंपली, आणि अजून मिटलेली नाही. भिंतींचे साचे मी घालून ठेवलेत, छताला दोन्ही जागी भोकं सोडलीत. आधी ॲडव्हान्सचं बघू.