थंडीत टिकणारा, लवकर पिकणारा जर्दाळू

‘थंडी सोसणारी जात’ एवढं बघून रोप आणलं तर अर्धंच काम झालं. गाढ विश्रांतीत असलेल्या काटक जर्दाळूचं लाकूड उणे 25 अंशांपर्यंत सहज निभावतं. पण ही झोप फार सावध असते. हिवाळा सरताना चार दिवस ऊन तापलं की कळ्या फुगतात, आणि मग उणे 2-3 अंशांची एकच रात्र उमललेली फुलं काळी पाडते. नुकतं धरलेलं फळ तर उणे 1 अंशालाच जातं. म्हणून खोलगट जागा नको; गार हवा तिथेच साचते. दिवसभर तापणारी भिंत रात्री फुलांना ऊब देते हे खरं, पण बहरही अलीकडे ओढते. कडक हिवाळ्याच्या भागात मी तरी हलक्या उताराची मोकळी जागा घेईन.

दुसरं मरण बुंध्याशी असतं, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. न गोठलेल्या ओल्या जमिनीवर जाड बर्फ बसला की बुंध्याची साल खालून कुजते. वसंतात झाड फुटतं आणि अचानक वाळतं. दोष मात्र थंडीला जातो. उपाय म्हणजे 40-50 सेंमी उंच, दीड-दोन मीटर रुंद मातीचा उंचवटा. खाली खतानं भरलेला खड्डा नको. तो खचतो, झाड खाली बसतं आणि बुंध्याभोवती पाणी साचतं. कलमाचा जोड मातीच्या 5-8 सेंमी वर राहू द्या. पाण्याचं आळं उंचवट्याच्या कडेला करा, आच्छादन खोडाला टेकवू नका.

जात घेताना परागीभवन विचाराच. मूनगोल्ड आणि सनगोल्ड जोडीनेच लावतात. गोल्डकॉट एकटंही फळतं.

उन्हाळ्याच्या मध्यानंतर नत्र बंद, नाहीतर कोवळे शेंडे हिवाळ्यात करपतात. पानगळ झाल्यावर खोडाला चुना द्या, म्हणजे दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा यांच्यात साल फाटत नाही. फळं सुपारीएवढी होण्याआधी 5-8 सेंमी अंतरावर विरळा.

छाटणी फळं उतरल्यावर, कोरड्या हवेत. हिवाळ्यातल्या ओल्या जखमांतून रोग शिरतो, डिंक येतो. कळ्या फुगण्याआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) फवारा: 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना. बहरात पाऊस लागून फुलांसकट डहाळ्या वाळल्या, तर निरोगी लाकडात 10-15 सेंमी आत जाऊन कापा आणि जाळून टाका.